आमच्या घराण्याची कावीळ

३ ऑगस्ट

ताई,

दार फोडायला खरं काय लागलं त्याचा हिशेब आधी देतो, म्हणजे पुढचं वाचायला तुझी तयारी होईल. कडी एक, वाकलेली. बिजागऱ्या दोन. चौकटीचा वीतभर ढलपा. सुताराचा अर्धा दिवस, माझ्या खांद्याचे चार. तुझ्या वहिनीच्या हातून पडलेलं दुधाचं पातेलं एक. आणि पोरीचं बोलणं. आज अकरावा दिवस. सुतार म्हणाला, "शेठ, थोडक्यात निभावलं." मी म्हटलं, हो.

भिंगरीची गोष्ट आहे हे तू ओळखलंच असशील. त्या दिवशी सकाळी सातला हाक मारली, आठला मारली, शाळेची बस निघून गेली. मी दुकानात गेलो. दुपारी तीनला तुझ्या वहिनीने निरोप धाडला, दार अजून उघडलेलं नाही. मी पहार घेऊनच आलो. आत पाहतो तर ही पलंगावर, भिंतीकडे तोंड, डोळे टक्क उघडे. ताप नाही, दुखणं नाही. मी म्हटलं, "अगं, हाका ऐकू येत नव्हत्या का?" म्हणाली, "येत होत्या. उठवत नव्हतं." एवढंच बोलली. मग तेही नाही.

मला काही म्हणजे काही कळत नाही. माझे कान तुला ठाऊक आहेत. दुरुस्तीला आलेली पंपाची मोटार चालू केली की मी दारातून सांगतो, बेअरिंग गेलं की कॉइल. घरातलंही माझ्या कानातून सुटत नाही. दोन-तीन महिने संध्याकाळी न्हाणीघरातला नळ वाहताना ऐकू येतो. कोणी लक्ष देत नाही, मीच तीनदा वॉशर बदलला. तुझी वहिनी म्हणते, "अहो, वॉशरने काही व्हायचं नाही." आता नळातलं तिला जास्त कळतं की मला?

आणि तुला सांगतो, रागही येतो. मी सोळाव्या वर्षी पाना हातात घेतला तो आजवर एक दिवस खाली ठेवलेला नाही. दुकानाच्या पाटीवर तांबड्या अक्षरांत लिहून ठेवलंय, "वयाच्या सोळाव्या वर्षापासून अखंड सेवेत." गिऱ्हाईक ते वाचूनच आत येतं. आणि ही सोळा वर्षांची, हिला अंथरुणातून उठवत नाही. खोली स्वतंत्र, पंखा स्वतंत्र, टेबलाला दिवा मी स्वतः बसवून दिलेला.

शाळेत चिठ्ठी पाठवली आहे, कावीळ झाली, तीन आठवडे येणार नाही. खोटं आहे, पण सभ्य खोटं आहे. कावीळ म्हटलं की कोणी जास्त विचारत नाही.

तिचं तुझ्यावर पहिल्यापासून प्रेम. चार ओळी लिही तिला. फोन केला असता, पण तीस वर्षं टेलिफोनच्या कचेरीत लोकांना एकमेकांशी जोडून देणारी माझी बहीण आता स्वतःचा फोन वाजला तर शेजारणीला हाक मारते. तेव्हा पत्र बरं.

तुझा धाकटा


८ ऑगस्ट

कानसेनास,

आशीर्वाद. पत्र तीनदा वाचलं. बहिरी माणसं वाचतात फार.

एक विचारते, त्याचं सरळ उत्तर दे. कावीळ हा शब्द तुला सुचला कुठून? पडसं, ताप, पोट बिघडलं, पायात मुरगळ, इतकी दुखणी असताना नेमकी कावीळच का? तू म्हणशील, ताई कसल्या गोष्टीला धरून बसली. पण मला तो शब्द वाचून हातातला कप खाली ठेवावा लागला. तुला झाली होती त्या वर्षाचं तुला काय काय आठवतं, ते मला लिही. आठवेल तेवढं. विसरला असशील तर तसं लिही.

दुसरं, पोरीला डॉक्टरकडे ने. रजेसाठी दाखला देतो त्या तुझ्या मित्राकडे नाही. मनाचं बघणाऱ्या डॉक्टरकडे. तुमच्या गावात नक्की असेल, मोठ्या दवाखान्यात विचार. तिथे नेलं म्हणून कोणी वेडं ठरत नाही.

तिसरं, कडी पुन्हा बसवलीस का? बसवू नकोस. पण दार सताड उघडंही ठेवू नकोस. लोटून ठेव आणि आत जाण्याआधी वाजव.

चौथं, वॉशर बदलणं बंद कर. वहिनी बरोबर सांगते आहे.

तिला वेगळं पाकीट पाठवते आहे, त्यात माझ्या मांजरीच्या तक्रारी आहेत. उत्तराची घाई नाही असं तिला सांग.

ताई


१७ ऑगस्ट

ताई,

तू म्हणजे तू. मला जे सुचलं नाही ते तुला तिकडे बसून सुचलं. मला झाली होती म्हणजे पोरीलाही असू शकते, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी तिचं रक्त तपासून घेतलं. काही नाही. यकृत ठणठणीत. डॉक्टर म्हणाले, "तुम्हाला कोणी सांगितलं कावीळ म्हणून?" मी म्हटलं, मोठ्या बहिणीचा संशय होता. तेव्हा तुझ्या नावावर एक बिल फाडलंय, रागावू नकोस.

तू विचारलंस म्हणून लिहितो. माझ्या काविळीचं फारसं आठवत नाही. मागची खोली आठवते, आणि सगळं पिवळं दिसायचं ते आठवतं. भिंत पिवळी, हात पिवळे, तू जेवणाचं ताट घेऊन यायचीस ते ताटही पिवळं. पंधरा-वीस दिवस असेल. मग उठलो आणि मिस्त्रींकडे कामाला लागलो.

इकडे मात्र भलताच घोटाळा झालाय. वाचून हसशील. माझ्या चिठ्ठीवरून शाळेने धसका घेतला. एका पोरीला कावीळ म्हणजे पाण्यात दोष. पिण्याच्या पाण्याची गच्चीवरची टाकी रिकामी केली, घासली, तीन दिवस शाळा बंद. भिंगरीच्या वर्गातल्या सदतीस पोरांचं रक्त काढलं. टाकी भरायला घेतली तर पंप बसला. आता पंप बसला की गावात बोलावतात कोणाला? मी गेलो. आवाज ऐकताच सांगितलं, कपॅसिटर. अर्ध्या तासात चालू. पैसे घेतले नाहीत. मोठ्या बाई म्हणाल्या, "घरात आजारपण असताना आलात. फार मोठं मन लागतं." मी तोंड पंपाकडे केलं, ताई. त्यांनी आभाराचं पत्र सूचनाफलकावर लावलंय म्हणे.

आता खरं सांगावं तरी कसं? सदतीस पोरांना सुया टोचून झाल्यावर?

डॉक्टरचं बघतो. जरा काम संपू दे. भिंगरीने तुझं मांजराचं पत्र उशीखाली ठेवलंय, एवढं कळवतो. जेवण कमी झालंय.

धाकटा


२१ ऑगस्ट

आत्या,

बाबांनी लिही म्हटलं म्हणून लिहीत नाहीये. तू घाई नाही म्हणालीस, म्हणून लिहावंसं वाटलं.

शाळेचं तुला कळलंच असेल. बाबांनी विनोद करून सांगितलं असेल. पण एक त्यांनी नक्की सांगितलं नसणार. टाकीची देखभाल करणारे काका आहेत ना, पांढऱ्या मिशांचे, आम्हाला उशीर झाला की फाटक हळूच उघडतात ते. त्यांना कामावरून थांबवलंय. टाकी नीट धुतली नाही म्हणून. त्यांनी धुतली होती. दर महिन्याला धुतात, तारखा भिंतीवर खडूने लिहून ठेवतात. बाबांना हे माहीत आहे, मी त्यांना आईला सांगताना ऐकलं.

मैत्रिणीचा फोन आला होता. म्हणाली, "तुझ्यामुळे सुई टोचली, एक आईसक्रीम लागू." मी हसले. मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडला. मी रोज तिथेच रडते. बाबांना पलीकडच्या गल्लीतला पंपसुद्धा कोणत्या कंपनीचा ते ऐकू येतं, म्हणून नळ मोठा सोडावा लागतो. मग ते वॉशर बदलतात. आता नळ इतका गुळगुळीत झालाय की त्याचा आवाजच येत नाही. मी बादली उलटी करून त्यावर पाणी सोडते.

सगळे कारण विचारतात. मी शोधून पाहिलं. परीक्षा म्हणावं का, कोणाशी भांडण झालं म्हणावं का, म्हणजे त्यांना तरी बरं वाटेल. पण कारण नाहीये गं. सकाळी डोळे उघडतात आणि वाटतं, कोणीतरी अंगावर भिजलेलं जाजम टाकलंय. हाका ऐकू येतात. उत्तर द्यायचं म्हणजे आधी ते जाजम उचलायचं, आणि तेवढ्यात हाका संपतात. मी आधी अशी नव्हते ना? तुला आठवतं का मी कशी होते? मला खरंच नीट आठवत नाही.

काकांना माझ्यामुळे घरी बसावं लागलं. कधी कधी वाटतं, मी नसतेच तर किती जणांचं सोपं झालं असतं. मी काही करणार वगैरे नाही. बहुतेक. हे कोणाला सांगू नकोस.

भिंगरी

ता. क. मांजर अजून तुझ्या चष्म्यावरच झोपते का?


२४ ऑगस्ट

भिंगरे,

तुझं पत्र आज सकाळी अकराला आलं. सव्वाअकराला माझी शेजारीण माझ्या बाजूला बसून तुझ्या आईशी फोनवर बोलत होती. मी कागदावर लिहीत होते, ती वाचून दाखवत होती. म्हणजे हे पत्र तुझ्या हातात पडेल तेव्हा तुझी आई दोन दिवस तुझ्याजवळ झोपलेली असेल आणि तुला माझा भयंकर राग आलेला असेल. येऊ दे. तू मला सगळं सांग, मी सगळं ठेवीन. फक्त त्या "बहुतेक"चं गुपित मी ठेवणार नाही. तो एवढासा शब्द मी एकटीने सांभाळण्याइतका लहान नाही, आणि तू एकटीने सांभाळण्याइतका तर नाहीच.

आईला मी सांगितलंय की डॉक्टरकडे याच आठवड्यात जायचं. तिने मध्ये फक्त एकदा विचारलं, "ताई, मी नळाचा आवाज ऐकून गप्प बसले, चुकलं ना माझं?" मी लिहून दिलं, हो. आणि मी पत्राची वाट बघत बसले, माझंही चुकलं.

तू कशी होतीस ते मला आठवतं. अंगणात गोल गोल फिरायचीस, पडायचीस, आणि जमीन फिरते आहे असं सगळ्यांना सांगायचीस. पण तशीच पुन्हा हो, असं काही माझं म्हणणं नाही. आत्ता आहेस तशी मला चालतेस.

कारण नाही म्हणतेस, ते मला पटतं. मी असं एकदा पाहिलंय, अगदी जवळून. कोणाचं, ते सांगायला हवं, पण ती गोष्ट माझी नाही. ज्याची आहे त्याला विचारते.

काकांचं तू तुझ्या डोक्यावर घेऊ नकोस. ती चिठ्ठी तू लिहिलेली नाहीस.

आत्या

ता. क. हो. काल एक काडी मोडली.


२४ ऑगस्ट

धाकट्या,

वहिनीने तुला फोनचं सांगितलं असेल. आता हे दुकानात एकटा असताना वाच, मोटारी बंद करून.

तुला कावीळ झाली नव्हती.

तू सोळा संपून आठ महिन्यांचा होतास. एका सोमवारी उठला नाहीस. आठवडाभर आप्पांनी आरडाओरडा केला, मग बोलणं टाकलं. आईने सगळ्यांना कावीळ सांगितली, कारण कावीळ म्हटलं की कोणी जास्त विचारत नाही. तू मला पत्रात हेच वाक्य लिहिलंस. आईचंच वाक्य, जसंच्या तसं. तुला ते कुठून आलं हेही माहीत नाही, आणि तू ते पोरीवर पांघरलंस.

पंधरा-वीस दिवस नाही रे. आठ महिने. खोली पिवळी दिसायची, कारण पडदा पिवळा होता. मीच शिवला होता, स्वस्तातलं कापड होतं. तुला उजेड सोसायचा नाही म्हणून तो दिवसभर ओढलेला असायचा. तुझे केस मी कापत असे, तू मान धरत नव्हतास. एकदा तू मला विचारलंस, "ताई, मी मेलोय का?" चेष्टेत नाही. मी अठरा वर्षांची होते. मी म्हटलं, नाही, ताट उचल.

तुला बरं कोणी केलं तेही सांगते. तुझ्या जिद्दीने नाही. आई दर गुरुवारी तुला बसने शहरातल्या डॉक्टरकडे न्यायची आणि घरी दातांचं सांगायची. तुझे दात त्या वेळी गावात सर्वांत चांगले होते.

आईने मला शपथ घातली होती. आई गेली, शपथ माझ्याकडे राहिली. तीस वर्षं कानाला टेलिफोन लावून लोकांची बोलणी जोडली, एकाचंही गुपित बाहेर काढलं नाही. हे पहिलं काढते आहे, आणि ज्याचं आहे त्यालाच परत देते आहे. भिंगरीला ते हवं आहे. मी सांगू का, की तू सांगशील?

ताई


३० ऑगस्ट

ताई,

पत्र मिळालं.

तुझं वय झालं. तुला दोन वेगळ्या गोष्टी एक वाटत असतील. मला कावीळ झाली होती. शेजारचे लोक बघायला यायचे. आप्पा माझ्याशी बोलणं टाकतील असे नव्हते. दात माझे खरंच दुखायचे.

आठ महिने एखादा माणूस विसरेल का? मला साधा स्क्रू कोणत्या मोटारीचा ते वीस वर्षांनी आठवतं.

तिला काही सांगू नकोस. डॉक्टरकडे नेलं. काय म्हणाल्या ते मला कळलं नाही, तुझ्या वहिनीला कळलं. काही दिवस पत्र लिहू नकोस.


११ ऑक्टोबर

आत्या,

इतके दिवस लिहिलं नाही. आधी तुझा राग आला होता, मग राग गेला हे कळवायला लाज वाटत होती. आई रोज माझ्या खोलीत झोपायची. घोरते. सांगू नकोस. हे गुपित ठेवायला चालेल ना?

गुरुवारी डॉक्टरबाईंकडे जाते. त्या लवकर बरी होशील वगैरे म्हणत नाहीत. गोळी आहे एक, आणि बोलायचं. पहिल्या वेळी मी बोललेच नाही, त्याही नाही बोलल्या. आम्ही दोघी खिडकीतून पार्किंग बघत बसलो. एका माणसाला गाडी काढता येत नव्हती. शेवटी त्या म्हणाल्या, "डावीकडे वळव म्हणावं," आणि मी हसले. अजून काही सकाळी उठवत नाही. मग मी तसं सांगते. सांगितलं की कोणी पहार आणत नाही.

आता बाबांचं. मागच्या महिन्यात एका रविवारी ते नवी कडी आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन माझ्या दारात खाली बसले. दार वाजवून. एक स्क्रू घट्ट करायला त्यांना पाऊण तास लागला. म्हणजे तूच समज. घट्ट करायचे, सैल करायचे. मग स्क्रूकडे बघत म्हणाले, "मला कावीळ नव्हती." मला वाटलं माझ्याबद्दल बोलतायत. मी म्हटलं, "माहीत आहे बाबा, मी कोणाला सांगितलं नाही." तर म्हणाले, "तुझी नाही, माझी. तुझ्याएवढा असताना. आठ महिने. ताई म्हणते आठ. मला पंधरा दिवस आठवतात. बाकीचे कुठे गेले कोण जाणे."

मी विचारलं, "काय होत होतं तुम्हाला?" म्हणाले, "माहीत नाही. पिवळं होतं." मग त्यांनी विचारलं, "तुला काय होतं?" मी म्हटलं, "माहीत नाही. ओलं आहे." मग ते म्हणाले, "ऐकलं असतं मी, नळ नसतास सोडला तर." मी म्हटलं, "म्हणूनच सोडायचे." त्यावर त्यांनी घट्ट केलेला स्क्रू परत सैल केला.

काकांचं मी विसरले नव्हते. पालकसभा होती, टाकीच्याच विषयावर. बाबा म्हणाले, "मी जातो आणि सांगतो, चिठ्ठी माझी होती." मी म्हटलं, मीही येते. रस्ताभर ते पाठ करत होते, मी ऐकत होते. आत गेल्यावर ते उभे राहिले आणि म्हणाले, "मोठ्या बाई, पंपाचं असं आहे," आणि थांबले. परत म्हणाले, "पंपाचं असं आहे." लोक हसायला लागले. मग मी उभी राहिले.

मी म्हटलं, "मला कावीळ नव्हती. मला सकाळी उठता येत नव्हतं आणि मरावंसं वाटत होतं. त्यावर उपचार चालू आहेत. टाकी स्वच्छ होती. काकांच्या तारखा भिंतीवर आहेत, बघा." मी फार छान बोलले असं नाही. मधेच "म्हणजे म्हणजे" झालं चार वेळा. मग बाबा माझ्या बाजूला येऊन म्हणाले, "चिठ्ठी मी लिहिली. लाज मला वाटली होती, तिला नाही."

कोणी टाळ्या वगैरे वाजवल्या नाहीत. मागून एक पालक म्हणाले, "मग आमच्या पोराला सुई कशाला टोचली?" त्यांचं बरोबर होतं. एक बाई बाहेर निघून गेल्या. मोठ्या बाई बराच वेळ चष्मा पुसत राहिल्या. काका दुसऱ्या दिवसापासून कामावर आले, मला फाटकात म्हणाले, "बाळ, टाकी मात्र तुझ्यामुळे आरशासारखी झालीय." मला कळलं नाही ते रागावलेत की नाहीत. मी विचारलं. म्हणाले, "थोडा." मला बरं वाटलं, खरं सांगितल्याचं.

वर्गात काहीजण माझ्याशी जपून बोलतात, मी फुटेन असं. मैत्रीण आईसक्रीम सोडायला तयार नाही. आणि परवा वरच्या वर्गातला एक मुलगा, ज्याचा आवाजसुद्धा मी कधी ऐकला नव्हता, जिन्यात थांबून म्हणाला, "तुझी डॉक्टर कोण? माझ्या दादाला घरी कावीळ आहे. तुझ्यासारखी." मी नंबर दिला.

हे सगळं झालं ते चांगलं झालं का, मला अजून नीट कळत नाही. तुला कळतं का?

भिंगरी


१९ ऑक्टोबर

ताई,

पाया पडतो. या वेळी खरंच वाकलोय असं समज.

माझं मागचं पत्र सापडलं तर फाडून टाक. मोटारी बंद करून वाच म्हणालीस, वाचलं, आणि चौदा दिवस मोटारी चालू ठेवून फिरलो. मग एक दिवस दुकानात कोणीतरी पिवळं प्लास्टिक लावलं, उन्हासाठी. त्याच्या खाली उभा राहिलो आणि हातातला पाना गळून पडला. तिथेच बसलो. आठवलं असं नाही. अजूनही सगळं आठवत नाही. पण अंगाला आठवलं. तू कात्रीने केस कापायचीस तो कानाजवळचा आवाज आठवला. एवढे कान माझे, आणि सगळ्या आठ महिन्यांतला एकच आवाज राहिलाय.

भिंगरीने सभेचं लिहिलं असेल. माझी काय फजिती झाली तेही लिहिलं असेल. तिने जे चार वाक्यांत सांगितलं ते मला पन्नास वर्षांत जमलं नाही, आणि तिच्या बाजूला उभं राहून मला कळत नव्हतं की अभिमान वाटतोय की धडधडतंय. घरी येताना तिला म्हटलं, "तू फार धीट आहेस." म्हणाली, "नाही बाबा, मला पळून जायचं होतं." मी म्हटलं, मलाही.

ती साधी कडी काढून टाकली. तिनेच सांगितली तशी दुसरी बसवली: आतून लागते, पण बाहेरून नाण्याने फिरवली की उघडते. नाणं दाराच्या चौकटीवर ठेवलंय, तिला माहीत आहे, आम्हाला माहीत आहे. अजून वापरावं लागलेलं नाही. मंगळवारी नाण्यापर्यंत हात गेला होता. दार वाजवून विचारलं, "उठवत नाही?" आतून आलं, "नाही. तासाभराने विचारा." तासाभराने विचारलं. तासाभराने पुन्हा. दुपारी उठली. मला यातलं काही कळतं असं नाही, पण विचारायचं तेवढं कळलं.

परवा संध्याकाळी नळ वाहत होता. जाऊन दार वाजवलं, म्हटलं, "वॉशर की तू?" म्हणाली, "मी." म्हटलं, "बाहेर उभा राहू की जाऊ?" म्हणाली, "उभे राहा, पण बोलू नका." पंचवीस मिनिटं उभा राहिलो. तुझी वहिनी मला पाहून काही न बोलता एक खुर्ची ठेवून गेली.

दुकानातल्या पोरांनाही सांगितलं. म्हणजे सांगायचं म्हणून नाही, एकाने विचारलं, "शेठ, गुरुवारी कुठे जाता?" म्हटलं, मुलीबरोबर, मनाच्या डॉक्टरकडे. तो म्हणाला, "बरं," आणि कॉइल गुंडाळायला लागला. इतकं सोपं होतं हे? की त्यालाही काही कळलं नाही? विचारतो त्याला.

राहिली पाटी. काल पेंटरला बोलावून म्हटलं, पहिली ओळ बदलायची आहे. त्याने विचारलं, "काय लिहू?" मला सांगता येईना. तो शिडीवर उभा, मी खाली उभा. शेवटी ती ओळ नुसती पुसायला सांगितली. तिथे आता तांबडा पट्टा आहे, रिकामा. गिऱ्हाईक तरीही आत येतं.

बाकी जमेल तसं आठवून तुला लिहीन. मिस्त्रींकडे पहिल्यांदा गेलो तो दिवस मात्र आता लख्ख आठवला आहे. तूच मला पोचवायला आली होतीस. मला सतरा वर्षं चार महिने झाले होते, त्यांनी पाना हातात दिला, आणि जेवायच्या सुट्टीच्या आधीच मी घरी परत आलो होतो.

धाकटा